झाकलेली बरणी

"वहिनी, विरजण आहे का हो?"

आमच्या घरातली सकाळ पुष्कळदा या हाकेनं उजाडायची. टेंभी नाक्यावरून सिव्हिल हॉस्पिटलकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, दुमजली लाकडी चाळीत आम्ही राहत होतो. समोरच्या खोलीतल्या आजी दारात उभ्या असत, हातात पितळेची इवलीशी वाटी, नऊवारीचा पदर डोक्यावरून घेतलेला. माझी आजी आतून म्हणायची, "आज मटण नाही ना?" त्या म्हणत, "नाही हो, आज वालाचं बिरडं." मग आजी चमचाभर दही त्या वाटीच्या तळाशी घालायची.

मटणाचा प्रश्न का, हे मला फार उशिरा कळलं. समोरच्या आजी बेने इस्रायल होत्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी. त्यांच्याकडे मटण आणि दूधदुभतं एका जेवणात येत नाही. मटणाच्या रश्शाला त्या नारळाचं दूध घालत आणि त्या दिवशी दह्याच्या वाटीला हातही लावत नसत. आजीला हे पाठ होतं. आमच्या सीकेपी घरात बिरडं म्हणजे जीव की प्राण, आणि त्यांच्याकडे तर एका सणाचं नावच बिरड्याचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाचा तो उपासाचा दिवस. उपास सुटला की वालाचं बिरडं. दोघी आज्या पाटावर समोरासमोर बसून भिजलेले वाल सोलायच्या आणि साली एकाच सुपात टाकायच्या.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या घरातून मनुकांचा वास यायचा. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं सरबत. शब्बाथच्या किद्दुशाला, म्हणजे पेला हाती घेऊन म्हणायच्या प्रार्थनेला, द्राक्षरस हवा आणि कोकणात द्राक्षं कुठली, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हे मनुकांचं सरबत. ते ताजंच करायचं, आंबू द्यायचं नाही. तीच बाई शनिवारी रात्री आंबोळीचं पीठ भिजवायची आणि ते आंबावं म्हणून पातेल्यावर गोधडीचा तुकडा टाकायची. काय आंबवायचं, काय आंबू द्यायचं नाही आणि केव्हा, एवढ्या तीन गोष्टींवर त्या घराचं पंचांग चालत होतं. आमच्याही घराचं चालत होतं, फक्त आमचं आम्हाला दिसत नव्हतं.

मराठीत एकाच घडामोडीला तीन शब्द आहेत, हे मला आजीमुळे उमगलं. दूध नासतं, पीठ आंबतं, लोणचं मुरतं. डोळ्यांना न दिसणारे जीव तिन्हीकडे तेच काम करतात. साखर खातात, आम्ल करतात, वायू सोडतात. फरक पडतो तो माणसाच्या मनाजोगतं झालं की नाही याचा. लक्ष नसताना झालं तर नासलं. वेळ मोजून केलं तर आंबलं. वर्षभर दादरा बांधून, कोरड्या हातानं, मीठ-तेल सांभाळत केलं तर मुरलं. "उत्साहावर विरजण पडलं" असं आपण म्हणतो, तेव्हा आजी चिडायची. तिचं म्हणणं, विरजण पडल्यावर दूध बिघडत नाही, मार्गी लागतं. बिघडतं ते विरजण न पडलेलं.

तिची दही लावण्याची पद्धत मी अजून तशीच पाळते. दूध तापवून उतरवायचं. करंगळी बुडवून सावकाश दहा आकडे मोजता आले की ते बेताचं कोमट झालं. मातीच्या सटाला आतून विरजण बोटानं चोळायचं, मग दूध ओतायचं आणि सकाळपर्यंत सट हलवायचा नाही. तिन्हीसांजेनंतर विरजण कुणाला द्यायचं नाही, मीठही नाही. लक्ष्मी जाते म्हणत. मला वाटतं, त्यामागे साधी गोष्ट असावी. संध्याकाळी घरातलं शेवटचं चमचाभर दही देऊन टाकलं, तर रात्री आपलंच दूध कशानं लावायचं? शेजारीपाजारी सगळीकडे आपलंच विरजण गेलेलं असलं, की एखाद्या दिवशी घरातलं संपलं तरी वंश बुडत नाही. चाळीतल्या अकरा बिऱ्हाडांचं दही असं एकाच कुळातलं होतं. एका घरी नासलं तर दुसऱ्या घरून परत यायचं.

आजीचं माहेर अलिबागकडचं, समोरच्या आजींचं मूळ गावही त्याच बाजूचं. म्हणून की काय, दुपारी भांडी घासून झाली की दोघींच्या गोष्टी नौगावच्या किनाऱ्यावर जाऊन पोचायच्या. बेने इस्रायलांची आख्यायिका तिथूनच सुरू होते. फार जुन्या काळी त्यांच्या पूर्वजांचं गलबत नौगावजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या. धर्मग्रंथ बुडाले, सामान बुडालं. जे मेले त्यांना किनाऱ्यावर पुरलं, आणि वाचले ते आसपासच्या गावांत तेल गाळायचा धंदा करू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले.

ग्रंथ नाही, गुरू नाही, हिब्रू अक्षर नाही. तरी शेकडो वर्षं सण पाळले गेले, तेही मराठी नावांनी. नव्याचा सण. खिरीचा सण. दरवाजे लावून घरात बसायचा दारफळणीचा सण. पुरीमला होळीचा सण, कारण पुरीम आणि होळी बहुधा एकाच पौर्णिमेच्या आगेमागे येतात. आणि वल्हांडणाला, म्हणजे पेसाहला, त्यांचं जुनं नाव होतं 'अनाशी ढाकायचा सण'.

अनस म्हणजे आंबट पातळ पदार्थाचं मडकं. जेवणात तोंडी लावायला ते घरात कायम भरलेलं असायचं. वल्हांडणाच्या दिवसांत ते झाकून ठेवायचं, म्हणून हे नाव. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 साली आपल्या समाजाचा इतिहास लिहून काढला, तो त्यांच्या पश्चात 1937 मध्ये तेल अवीवला छापला गेला. या जुन्या मराठी सणांची नोंद त्यांच्यासारख्यांनी केली म्हणून आपल्याला ती नावं कळतात. मी ती पुष्कळ नंतर वाचली. लहानपणी मला फक्त समोरच्या आजींचं एक वाक्य ठाऊक होतं. "आमची आजी म्हणायची, पुस्तकं बुडाली, मडकं नाही बुडालं."

या वाक्यापाशी मी आयुष्यभर परत परत येते. इजिप्तमधून सुटका झाली त्या रात्री कणीक फुगायची वाट बघायला वेळ नव्हता, न आंबलेलीच भाजून घेतली आणि निघाले, ही वल्हांडणाची मूळ कथा. कोकणात आलेल्यांना या कथेतला मोशे किती आठवत होता, फारो किती, समुद्र दुभंगल्याचं काय उरलं होतं, देव जाणे. पण या दिवसांत घरातल्या आंबटाला शिवायचं नाही, एवढं बायकांच्या हातांना आठवत होतं. एका महान सुटकेची सगळी आठवण झाकणाखालच्या आंबट मडक्यात टिकली. मग कोचीनकडचे शिक्षक आले, हिब्रू आलं, छापखाने आले. 1874 साली पुण्यात हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्यातल्या चित्रांत नऊवारी नेसलेल्या बाया मत्झा, म्हणजे बेखमीर भाकरी करताना दाखवल्या आहेत. पाचच वर्षांनी, 1879 मध्ये, टेंभी नाक्याला शार हाशामाइम हे प्रार्थनामंदिर उभं राहिलं. स्वर्गाचं द्वार असा त्याचा अर्थ. आमच्या शाळेच्या वाटेवरच ते होतं. आज भारतातली बेने इस्रायलांची सगळ्यात मोठी वस्ती ठाण्यातच आहे. अक्षर आलं, प्रार्थनामंदिर आलं, शास्त्रशुद्ध मत्झा आल्या. पण मडकं त्याआधीचं.

चैत्र लागला की समोरच्या घरात साफसफाईची धांदल उडायची. भिंतींना चुना. गादीच्या शिवणीतले, पाट्याच्या खाचेतले, डब्याच्या कडेचे पिठाचे कण काढायचे. कल्हईवाला अंगणात भाता मांडायचा, आणि त्यांची तांब्याची पातेली चंद्रासारखी पांढरी होऊन रांगेत लागायची. आम्ही पोरं नवसागराच्या धुरात खोकत बघत बसायचो. मग सणाच्या आदल्या दिवशी समोरच्या आजी एक बुटकी, तपकिरी झिलईची बरणी घेऊन आमच्याकडे यायच्या. आत शिरक्यात मुरलेली मिरची-लसूण असायची. तोंडाला दादरा घट्ट बांधलेला.

"वहिनी, आठ दिवस राहू दे तुमच्याकडे."

आजी ती आमच्या देवघराखालच्या फळीवर ठेवायची. आठ दिवस आम्ही तिला हात लावायचा नाही, हे ठरलेलं. सण संपला की त्या बरणी न्यायला यायच्या आणि त्याच पावली वाटीत विरजण न्यायच्या, नव्यानं दही लावायला. हा त्यांच्या घरचा रिवाज होता. ज्या घरात आंबटाला शिवायचं नव्हतं त्या घराचं आंबट आमच्याकडे सुरक्षित राहायचं. त्या वयात मला यात विशेष काही वाटलं नाही. भाड्याच्या खोलीत फळी एकच, तिच्यावर देव, खाली शेजारणीची बरणी.

टेंभी नाक्याच्या एवढ्याशा परिघात आंबण्याचे किती रिवाज नांदत होते, हे आता मोजते तेव्हा थक्क होते. मुनिसुव्रत स्वामींच्या देरासरामुळे आमच्या भागात गुजराती-मारवाडी जैन कुटुंबं पुष्कळ. वरच्या मजल्यावरच्या बेनच्या घरात रात्र उलटलेलं अन्न चालत नसे. न तापवलेल्या दह्यासोबत डाळीचा पदार्थ नाही, म्हणून त्यांच्या कढीचं ताक आधी तापवलेलं असायचं. आंबण्यात जीव असतात हे त्यांच्या धर्मानं सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी आधी धरून ठेवलं होतं. फक्त त्यांनी त्यातून निराळा निष्कर्ष काढला, की ते जीव आपल्या हातून मरू नयेत. मला तो निष्कर्षही फार आदराचा वाटतो. पुढे 1975 साली 'जय संतोषी माँ' सिनेमा आला आणि निम्म्या चाळीत संतोषीमातेच्या व्रतामुळे शुक्रवारी आंबट बंद झालं. त्या दिवशी विरजण मागायला जायचं तर दार बघून जावं लागे.

आजोबांच्या कचेरीतले एक ईस्ट इंडियन ख्रिस्ती गृहस्थ मासुंदा तलावाच्या बाजूला, चर्चजवळ राहायचे. नाताळात त्यांच्याकडून डबा यायचा. त्यात फुग्या असायच्या. लिंबाएवढ्या, पोकळ, तळलेल्या, आतून जाळीदार. पीठ फुगवायला जुन्या बाया ताडी वापरत. आजोबा सांगायचे, 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि फुग्यांची चवच गेली, ताडी मिळेना, बाजारचं यीस्ट आलं. या तक्रारीत तथ्य असणार. ताडीतलं खमीर रानटी, अनेक जातींचं मिसळलेलं. त्यानं पिठाला जो आंबूस वास येतो तो एकाच जातीच्या यीस्टला येत नाही. गोव्यातली ताडीची सान्नां अजूनही त्याची साक्ष देतात.

इकडच्या ताडीचा उल्लेख तर सातशे वर्षांपूर्वीचा सापडतो. 1321 साली जॉर्डनस नावाचा पाद्री ठाण्यात होता. त्याच्या चार सोबत्यांना इथंच मारण्यात आलं आणि त्यानं त्यांचं दफन केलं. इकडच्या मुलखाबद्दल त्यानं लॅटिनमध्ये जे पुस्तक लिहिलं त्यात 'तारी' नावाच्या झाडाचा उल्लेख आहे, वर्षभर पांढरा, प्यायला गोड रस देणाऱ्या. सोबती गमावलेल्या त्या माणसानं ताडाखाली उभं राहून वर बघितलं असेल, लटकणारी मडकी दिसली असतील, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पहाटे उतरवलेली नीरा गोड. ऊन चढलं की फसफसते. दुपारी ताडी. तशीच ठेवली की काही दिवसांनी शिरका. समोरच्या आजींच्या बरणीतला शिरका त्याच वाटेनं आलेला असायचा. ख्रिस्ती बायका तो घरी करत, आणि आजी बाजारातून आणत.

आता आरोग्याचं. हल्ली या विषयावर इतकं बोललं जातं की आजीचं साधं म्हणणं ऐकू येईनासं झालंय. ती म्हणायची, "आंबलेलं म्हणजे अर्धं पचलेलं. उरलेलं अर्धं आपण पचवायचं." यापेक्षा नेमकं मला कुठल्या लेखात सापडलं नाही.

आंबोळीसाठी तीन वाट्या तांदूळ, वाटी उडीद डाळ, चमचाभर मेथी. भिजवून, वाटून, मीठ घालून, हातानं दहा मिनिटं फेटून ठेवलं की रात्रभरात पातेल्यात काय काय होतं! उडदावर बसलेले ल्युकोनोस्टॉकसारखे जिवाणू पिठातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. उडदाचा चिकटपणा तो वायू धरून ठेवतो म्हणून पीठ फुगतं. नुसत्या तांदळाचं असं फुगत नाही. तेवढ्या वेळात दाण्यांतला फायटेट नावाचा घटक कमी होतो. तो लोह-जस्त आवळून धरतो. तो कमी झाला की तेच लोह शरीराला मिळायला सोपं जातं. काही ब-जीवनसत्त्वं वाढतात. आंबोळी तव्यावर पडली की जिवाणू मरतात, पण त्यांनी करून ठेवलेलं काम मरत नाही. गव्हाच्या कुरडया तीन दिवस पाणी बदलत भिजवतात, अनारशाचे तांदूळही तीन दिवस. तिसऱ्या दिवशी त्या पाण्याला जो वास येतो तो सुनांना नकोसा आणि आजीला हवासा. "वास आल्याशिवाय जाळी पडत नाही," म्हणायची. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, त्यातला एकही जाळीविना गेलेला तिला चालला नाही.

दही-ताकाचं निराळं, तिथं जिवाणू जिवंत पोटात जातात. दुधातली साखर त्यांनी आधीच बरीच खाल्लेली असते म्हणून ज्यांना दूध पचत नाही त्यांच्यातल्या पुष्कळांना दही चालतं. 1905 साली स्तामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन डॉक्टरनं आपल्या देशाच्या दह्यातला काडीसारखा जिवाणू ओळखला. 1908 मध्ये नोबेल मिळालेल्या इल्या मेचनिकॉव्हनं त्यावरून दही खाणाऱ्यांना दीर्घायुष्य मिळतं असं मांडलं. दीर्घायुष्याचं त्याचं गणित जरा घाईचं होतं. पण आतड्यातल्या जिवाणूंचा तब्येतीशी संबंध आहे, ही त्याची धारणा पक्की निघाली. 2021 साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 36 निरोगी माणसांवर दहा आठवडे प्रयोग केला. निम्म्यांना दही, केफिर, किमची असे आंबवलेले पदार्थ भरपूर दिले. त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंचं वैविध्य वाढलं आणि रक्तातल्या दाहाशी निगडित असलेल्या 19 प्रथिनांचं प्रमाण उतरलं. माणसं थोडी, काळ थोडा, तरी दिशा स्पष्ट आहे. मी यावरून कुणाला औषध सोडायला सांगणार नाही. आणि लोणच्यातलं मीठ रक्तदाबाच्या माणसाला सोडत नाही, हे तर आमच्या घरात आजोबांच्या निमित्तानं आम्ही सोसलं आहे. ते रोज लोणच्याची फोड मागायचे आणि आजी ती पाण्यात धुऊन द्यायची.

मला वाटतं, विकतच्या छोट्या बाटलीतल्या आरोग्यापेक्षा या पदार्थांतली खरी ताकद त्यांच्या सातत्यात होती. रोज वाटीभर ताक, आठवड्यातून एकदा आंबोळी, उन्हाळ्यात नाचणीची आंबील, वर्षभर मुरलेलं काहीतरी पानात डावीकडे. औषध म्हणून कुणी घेतलं नाही. घरात होतं म्हणून खाल्लं.

1973 साली समोरचं बिऱ्हाड इस्रायलला निघालं. चाळीतून ते पहिलं नव्हतं. पन्नाशीच्या दशकापासून कुणी ना कुणी जातच होतं. त्यांच्या घरात माझ्याच वयाची नात होती, माझी मैत्रीण. आठवडाभर सामान बांधणं चाललं होतं. माझ्या आजीनं एक पांढरं मलमलचं फडकं घेतलं, धुऊन उकळून वाळवलं, ताज्या घट्ट दह्यात बुडवलं, सावलीत वाळत घातलं. सुकल्यावर परत बुडवलं. असं तीनदा. मग ते कडक झालेलं फडकं कागदात गुंडाळून समोरच्या आजींच्या ट्रंकेत, साड्यांच्या घडीत ठेवलं. "तिथं पोचलात की कोमट दुधात टाका, लागेल." समोरच्या आजींनी आपली बुटकी बरणी रिकामी करून, धुऊन, त्याच ट्रंकेत घातली. आतली मिरची-लसूण आमच्या बरणीत ओतून गेल्या. ती आम्ही पुढे दोन वर्षं जपून खाल्ली, नवा शिरका घालत घालत.

दोन महिन्यांनी दिमोनाहून पत्र आलं, मराठीत, समोरच्या आजींच्या मुलाच्या हातचं. वाळवंटातलं गाव, पाण्याची टंचाई, भाषा येत नाही. आणि शेवटी आजींचा निरोप. दही लागलं. पहिल्या दिवशी पातळ, चौथ्या दिवशी वडी पडेल असं. आजीनं ते पत्र चाळीत सगळ्यांना वाचून दाखवलं.

आमच्याकडचं विरजण 1998 च्या मे महिन्यात संपलं. चाळ पडून इमारत उभी राहायची होती, आम्ही सगळे भाड्याच्या घरांत विखुरलो होतो. आजी जाऊन वर्ष झालं होतं. एका दुपारी दही उघडं राहिलं, त्यावर बुरशी आली. मी सवयीनं वाटी घेतली आणि दारात येऊन थांबले. समोर कुणाचं दार आहे हेही मला ठाऊक नव्हतं. खाली जाऊन डेअरीचं दही आणलं. हिरव्या मिरचीच्या देठांनीही दूध लागतं हे आजीनं शिकवलेलं, तेही पुढे करून बघितलं. दही उत्तम झालं. पण ते नवं कूळ, त्याला मागचं कुणी नाही.

मैत्रिणीशी पत्रं तुटली होती. पुढे फोनवर परत गाठ पडली. ती आता दिमोनातच आजी झाली आहे. तिचं मराठी अजून आमच्या चाळीचं आहे, मध्येच हिब्रू शब्द येतात. तिच्या शेजारी इथिओपियातून आलेलं यहुदी कुटुंब आहे. ती शेजारीण टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ भिजवते, दोन-तीन दिवस आंबवते, वर येणारं पिवळसर पाणी पुढच्या वेळच्या विरजणासाठी काढून ठेवते, आणि मोठ्या तव्यावर इंजेरा घालते. "अगं, आपली आंबोळीच! फक्त परातीएवढी," मैत्रीण म्हणाली. त्यांच्या मुलखात वल्हांडण आलं की बाया जुनी मातीची भांडी फोडत आणि नवी घडवत, हेही तिनं त्या शेजारणीच्या सासूकडून ऐकलं होतं. कोरियात थंडीच्या तोंडावर आळीतल्या बाया एकत्र जमून हिवाळ्याची किमची घालतात. त्या एकत्र येण्यालाच युनेस्कोनं 2013 मध्ये वारसा म्हणून मान दिला. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आपल्या आज्यांनी वाल सोलले ते कोण लिहून ठेवणार?" म्हणून हे लिहिते आहे.

आजीच्या फडक्याचं दही तिथं किती दिवस टिकलं, हे विचारायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. शेवटी विचारलं. पहिल्याच हिवाळ्यात गेलं, ती म्हणाली. वाळवंटातली थंडी, घरात ऊब नाही, एका रात्री लागलंच नाही. आजीनं दोन दिवस वाट बघितली. मग दुकानातून लेबेन, म्हणजे तिथलं दही, आणायला लागलो.

गेल्या वल्हांडणाच्या आदल्या दिवशी तिचा व्हिडिओ कॉल आला. स्वयंपाकघर लख्ख, ओट्यावर काही नाही, कपाटांना कागद लावलेले. फोन फिरवताना वरच्या फळीवर मला ती तपकिरी बुटकी बरणी दिसली. झिलई एका बाजूनं उडालेली, तोंडाला पांढरा दादरा बांधलेला, गाठ ताजी.

"अगं, ही अजून आहे? काय घातलंस आत?"

"काही नाही," ती म्हणाली. "रिकामीच आहे. पण एक झाकायला लागते ना."